दहा-बारा हजारांत गिटार ॲम्पसाठी माइक: कोणता घ्यावा आणि कुठे धरावा

प्रश्न असा आलाय: ‘दादा, नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. स्ट्रॅटसारखी (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची) इलेक्ट्रिक गिटार आहे, २० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे, त्यात आठ इंची स्पीकर. इंटरफेस (माइक-गिटार संगणकाला जोडणारा डबा) स्कारलेट सोलो. ॲम्पचा आवाज माइकने रेकॉर्ड करायचाय. बजेट दहा, फार ताणलं तर बारा हजार. दुकानदार म्हणतो कंडेन्सर घे, स्टुडिओ क्वालिटी येईल. मित्र म्हणतो शुअर ५७ घे, डोळे झाकून. कुणाचं ऐकू?’

मित्राचं ऐक, फक्त डोळे उघडे ठेवून. म्हणजे ५७च घे असंही नाही. डायनॅमिक माइक घे, तो ५७ असला तर उत्तम, नसला तरी काही बिघडत नाही. आणि बजेटमधले दीड-दोन हजार माइकवर घालवू नकोस, ते स्टँड आणि केबलसाठी बाजूला ठेव. पंचवीस वर्षं ॲम्पसमोर गुडघे टेकून बसतोय, त्यातून एवढं कळलंय की दोन बऱ्या माइकांमध्ये जेवढा फरक असतो त्याहून जास्त फरक एकच माइक दोन सेंटिमीटर सरकवल्यावर पडतो. त्यामुळे माइकबद्दल सांगतोच, पण खरं सांगायचंय ते त्या दोन सेंटिमीटरबद्दल.

आधी दुकानदाराचं. तो खोटं बोलत नाहीये, अर्धंच बोलतोय. कंडेन्सरचा पडदा फार हलका असतो, म्हणून तो बारीकसारीक सगळं टिपतो, थेट वीस हजार हर्ट्झपर्यंत. गाण्याच्या आवाजाला, सतारीला, ॲकुस्टिक गिटारला याचा फायदा होतो. पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो कुठून? गिटारच्या स्पीकरमधून. आणि हा स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टिमसारखा नसतो. त्यात ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीसाठीचा छोटा स्पीकर, नाही. पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज कड्यावरून दगड पडावा तसा खाली येतो. ते मुद्दामच तसं असतं, कारण डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातून, निघणारी वरची करकर कानाला सोसवत नाही आणि स्पीकरच ती गाळून टाकतो. मग दहा ते वीस हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तुझा कंडेन्सर काय टिपणार? पंख्याच्या वाऱ्याची सळसळ, शेजारच्या कुकरच्या शिट्टीची फुसफुस. गिटार तिथे नाहीच.

दुसरं म्हणजे स्वस्त कंडेन्सरमध्ये वरचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो, कारण दुकानात ‘हॅलो चेक’ म्हटल्यावर तो चमकदार वाटतो. त्याच्यासमोर डिस्टॉर्शन वाजवलं की ती चमक कढईत मोहरी तडतडावी तशी होते. मोठे स्टुडिओ ॲम्पला महागडे कंडेन्सर लावतात, छान लावतात, पण त्यांची खोली तशी असते आणि ते माइकही वेगळे असतात.

आणि पावसाळा! हे कुणी सांगत नाही. कंडेन्सरच्या पडद्यामागे अगदी थोड्या जागेत विद्युतभार धरलेला असतो. हवा ओली झाली की तो गळायला लागतो आणि माइक चटचट करतो. जुलैत मुंबईत, कोकणात हे मी कितीदा ऐकलंय. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलास तर वाचतो, पण पहिल्या माइकचे इतके लाड तू करणार नाहीस. डायनॅमिकला असल्या काही तक्रारी नसतात. त्यात एक पडदा, पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि एक चुंबक, एवढाच संसार.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतः कंडेन्सरच सुचवीन. तुला गायचंही असेल, ॲकुस्टिकही रेकॉर्ड करायची असेल आणि पुढची दोन वर्षं एकच माइक परवडणार असेल, तर ऑडिओ-टेक्निका एटी २०२० सारखा साधा माइक घेऊन ॲम्पसमोर थोडा लांब, वीतभर अंतरावर लाव. त्याची आवाज सोसण्याची मर्यादा १४४ डेसिबल आहे, तुझ्या २० वॅटच्या ॲम्पने त्याला काही होत नाही. ‘कंडेन्सर मोठ्या आवाजाने फाटतो’ ही भीती बहुतेक अशीच पसरलेली आहे. तू फक्त गिटार म्हणालास, म्हणून हा रस्ता इथेच सोडतो.

आता ५७. पूर्ण नाव शुअर एसएम ५७, एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. बाजारात आला १९६५ मध्ये. आतलं कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, त्याही आधीचं, एर्नी सीलर या शुअरच्या इंजिनिअरने युनिडाइन ३ म्हणून विकसित केलेलं, जे १९५९ मध्ये ५४५ नावाच्या माइकमधून आलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या पोडियमवर जे दोन काळे माइक दिसतात ते हेच. भाषणासाठीचा माइक गिटारवाल्यांनी का उचलला? त्याच्या तांत्रिक माहितीत उत्तर आहे. तो साधारण ४० ते १५,००० हर्ट्झ ऐकतो. कागदावर हे कंडेन्सरपुढे गरीब दिसतं. पण गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवलीस तर ८२ हर्ट्झ, आणि वर स्पीकर पाच-सहा हजारांवर थांबतोय. म्हणजे गिटारचा सगळा मुलूख त्याच्या हद्दीत बसतो. शिवाय दोनशे हर्ट्झच्या खाली तो हळूहळू उतरतो, त्यामुळे बेस गिटार आणि किक ड्रमच्या जागेत गिटार घुसत नाही. आणि पाच-सहा हजारांच्या आसपास त्याला एक उंचवटा आहे. पिक तारेवर आपटल्याचा जो ‘टक्’ असतो तो त्यामुळे पुढे येतो. एकटा ऐकलास तर ५७चा आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटेल. ड्रम आणि बेस लावून ऐकलास की गिटार नेमकी तिच्या खुर्चीत बसलेली दिसेल. नवी मुलं इथेच फसतात, एकट्या गिटारचा आवाज ऐकून माइकला नावं ठेवतात.

तुझ्या ओळखीत कुणी ऑर्केस्ट्रात गाणारं असेल तर त्याच्याकडे एसएम ५८ असणारच. तो १९६६चा, त्याच घराण्यातला. त्याची गोल जाळी गाणाऱ्याच्या फुंकरीसाठी असते, आणि तिच्यामुळे कॅप्सूल ॲम्पच्या कापडापासून थोडं लांब राहतं. ती जाळी फिरवून काढली की तो ५७च्या बराच जवळ जातो. उघडं कॅप्सूल जपून हाताळायचं, एवढंच. म्हणजे दहा हजार खर्च करण्याआधी एक रविवार ५८ उसना आणून बघ. कदाचित खर्चाची गरजच नाही असं ठरेल. दुकानदाराला माझं नाव सांगू नकोस.

५७ नवा घ्यायचा तर दहा हजारांच्या घरात जातो, भाव खालीवर होत असतो. आणि इथे नकली माल बेसुमार आहे. मी स्वतः फसलोय. फार पूर्वी एका दुकानातून, नाव घेत नाही, निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल, बिल नाही फक्त’ असा ५७ उचलला. डबा तोच, रेक्झिनची थैली तीच, अक्षरं तीच. घरी आणून ॲम्पसमोर लावला तर आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. शंका आली म्हणून खालच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवला. खऱ्या ५७चं वजन २८४ ग्रॅम. माझा त्याच्या आसपासही नव्हता. वाण्याने विचारलं, ‘काय तोलताय?’ म्हटलं, माझी अक्कल. खऱ्या ५७च्या दांड्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, बरंचसं वजन त्याचं. नकली करणारे बहुधा तोच गाळतात. आता काही हुशार लोक आत लोखंडाचा तुकडा भरतात म्हणे, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नकोस. अधिकृत विक्रेता, जीएसटीचं बिल, वॉरंटी. सेकंडहँड घ्यायचा तर ज्याच्याकडून घेतोयस त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच ॲम्पसमोर लावून, हेडफोनवर ऐकून घे. हा माइक वीस-वीस वर्षं चालतो, पोचे पडलेला असला तरी चालतो. पोचा बघू नकोस, आवाज बघ.

५७ सोडून काय? सेनहायझरचा ई ६०९ याच भावाच्या आसपास मिळतो आणि तुझ्यासारख्याला एक फायदा देतो. तो चपटा आहे. केबलला लोंबकळवून ॲम्पवरून खाली सोडला की स्पीकरसमोर सपाट टेकतो, स्टँड लागत नाही. लोंबकळणारा माइक जागेवरून हलतो हे त्याचं दुखणं, मी केबल ॲम्पच्या मुठीला चिकटपट्टीने बांधतो. त्याचा आवाज मधल्या पट्ट्यात जरा भरलेला असतो. एक सांभाळायचं: तो टोकातून ऐकत नाही, चेहऱ्याने ऐकतो. नाव लिहिलेली चंदेरी बाजू स्पीकरकडे हवी. एका कॉलेजच्या कार्यक्रमात पोरांनी तो उलटा टांगलेला मी पाहिलाय. अर्धा तास सगळे मिक्सरला शिव्या देत होते.

ऑडिक्सचा आय ५ हा ५७चा सरळ प्रतिस्पर्धी, स्वस्तात मिळाला तर बिनधास्त घे. आणि फारच हात आखडता असेल तर बेहरिंगरचा एक्सएम ८५००. तो ५८च्या वळणाचा गाण्याचा माइक आहे आणि किंमत ५७च्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढी. वरचा पट्टा थोडा धूसर आहे, पण त्यावर केलेले डेमो मी लोकांना ऐकवले आहेत आणि एकानेही ‘कोणता माइक’ म्हणून विचारलेलं नाही. गणपतीच्या मांडवातला अहुजाचा डायनॅमिकसुद्धा चालेल. मी सुरुवात त्याच्यावरच केली.

रिबन माइकची, म्हणजे पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असलेल्या माइकची, नावं तुझ्या कानावर पडतील. रॉयर आर-१२१ हा १९९८ पासून गिटारवाल्यांचा लाडका, आणि लाडका आहे ते योग्यच आहे, डिस्टॉर्शनवर तो साय धरल्यासारखा मऊ ऐकू येतो. पण त्याची किंमत ऐकून तू गिटार विकशील. स्वस्त रिबनच्या वाटेला पहिल्या माइकसाठी जाऊ नकोस. आणि यूएसबी माइक मुळीच नको, तुझ्याकडे इंटरफेस आहे.

मांडवाच्या माइकवरून आठवलं. आपल्याकडे मिळणाऱ्या माइकबरोबर बऱ्याचदा एका टोकाला एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ जॅक (गिटारच्या केबलला असतो तो जाड जॅक) अशी केबल येते. ती स्कारलेटच्या गिटारच्या भोकात बसते, आणि लोक बसवतात. मग आवाज खोल विहिरीतून येतो, गेन (आत येणारा आवाज वाढवायचं बटण) चढवावा लागतो, हिस्स आणि रेडिओ दोन्ही ऐकू येतात. माइकला दोन्हीकडे एक्सएलआर असलेलीच केबल हवी, आणि ती स्कारलेटच्या माइकच्या तीन पिनांच्या भोकातच जायला हवी. तयार केबलवर पैसे घालायचे नसतील तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला वायर आणि कनेक्टर सुटे घे, सोल्डरिंग येणाऱ्या कुणालाही पकड, पाचेक मीटरची केबल अर्ध्या तासात होते. ४८ व्होल्टचं बटण (कंडेन्सरला वीज पुरवणारं) चुकून दाबलं गेलं तर घाबरू नकोस, केबल नीट असेल तर ५७ला त्याने काही होत नाही. पण त्याची गरजही नाही, बंद ठेव.

‘५७ला प्री-ॲम्प बूस्टर लागतो’, म्हणजे माइकचा आवाज इंटरफेसआधीच वाढवणारा जादा डबा, असंही तुला कुणीतरी सांगेल. नाही लागत. हे प्रकरण शुअरच्याच एसएम ७ बी या पॉडकास्टवाल्यांच्या माइकवरून सुरू झालं. हळू आवाजात बोलणाऱ्या माणसासाठी त्याला भरपूर गेन लागतो, ते खरं. गिटारचा हिशेब वेगळा आहे. स्पीकरपासून दोन बोटांवर घरच्या आवाजातसुद्धा १०० ते ११० डेसिबल सहज असतात. बोलण्याहून हे कितीतरी पट मोठं. त्याला तीस ते पंचेचाळीस डेसिबलचा गेन पुरतो आणि स्कारलेटच्या अलीकडच्या पिढ्यांत पन्नासहून अधिक आहे. बूस्टरच्या पैशात स्टँड येतो.

स्टँड हा मी सगळ्यात महत्त्वाचा खर्च मानतो, हसू नकोस. बुटका, बूम असलेला, पाय जड असलेला. पुस्तकांच्या ढिगावर माइक ठेवून रेकॉर्ड करणारे मी पाहिलेत, मीही केलंय. एक टेक छान होतो, चहाला उठतोस, धक्का लागतो, आणि दुसऱ्या टेकला तोच आवाज परत कधीच सापडत नाही.

आता त्या दोन सेंटिमीटरकडे येऊ.

ॲम्पच्या कापडामागे स्पीकर नेमका कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि तो मधोमध असेलच असं नाही. खोलीतला दिवा बंद कर, मोबाइलचा टॉर्च कापडाला तिरका टेकव. आत कागदी कोन आणि मधोमध घुमटासारखी छोटी टोपी दिसेल. टोपीचा मध्य आणि टोपीची कड, दोन्हींच्या समोर कापडावर मास्किंग टेपचे बारीक तुकडे चिकटव. बारा इंची स्पीकरमध्ये ही टोपी मोठी असते. तुझ्या आठ इंचीत ती लहान, कोनही लहान, म्हणून तुला सेंटिमीटरही पुष्कळ होतो.

टोपीच्या मध्यासमोर आवाज सगळ्यात उजळ, टोकदार, कधी कधी दात शिवशिवतील असा. तिथून बाहेर सरकत कोनाच्या कडेकडे गेलास की तो गडद, गोल, शेवटी गोधडीखालून आल्यासारखा होतो. टोपीची कड जिथे कोनाला मिळते ती मधली जागा, सुरुवात तिथून. मग कान सांगतील तसं आत किंवा बाहेर. करकर जास्त वाटली तर इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक बोटभर बाहेर घे. इक्वलायझर नंतर आहेच, पण जे रेकॉर्डच झालं नाही ते त्याला आणता येत नाही.

जागा शोधायची माझी रीत सांगतो, कारण एकट्या माणसाला एका हाताने गिटार आणि दुसऱ्याने माइक जमत नाही. गिटारची केबल लावलेली, गिटारचा व्हॉल्यूम बंद, ॲम्पचा गेन चढव. स्पीकरमधून नुसता ‘श्श्श’ येईल. चांगले बंद हेडफोन कानाला घाल, माइक हातात घे आणि कापडासमोरून सावकाश फिरव. ते ‘श्श्श’ बदलताना ऐकू येईल. कुठे ते ‘स्स्स’ होतं, कुठे ‘ह्ह्ह’, कुठे नळाला पाणी आल्यासारखं घुमतं. जिथे ते ना फार तीक्ष्ण ना फार बंद, भरीव आणि सम वाटेल, तिथे माइक स्टँडला लावून टाक. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी लपून टोनची बटणं फिरवतंय. फरक एवढा मोठा असतो. लूपर पेडल (वाजवलेलं परत परत ऐकवणारं) असेल तर त्याहून सोपं, एक रिफ, म्हणजे छोटा तुकडा, लूपमध्ये फिरत ठेव आणि माइक फिरव.

अंतराचं असं आहे की अशा दिशादर्शी माइकना जवळून ऐकताना बेस फुगवायची खोड असते. कापडाला टेकवलास तर आवाज जाड आणि छातीवर येणारा, चार बोटं मागे घेतलास तर मोकळा, सडपातळ. आठ इंची स्पीकरचा बेस मुळातच बेताचा असतो. त्यामुळे तू जवळच राहा, एक-दोन बोटं. ॲम्पचा आवाज जसा वाढवशील तसा थोडा मागे. वीतभर मागे गेलास की खोली बोलायला लागते, आणि फ्लॅटमधल्या खोल्या सहसा काही चांगलं बोलत नाहीत.

तिसरी गोष्ट, माइक किती तिरका धरायचा. सरळ रोखलेला माइक जास्त तीक्ष्ण ऐकतो, तिरका केला की वरचा पट्टा थोडा मावळतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फ्रेडमन स्टुडिओवरून ओळखली जाणारी एक पद्धत आहे. तीत दोन ५७ शेजारी शेजारी लावतात, एक सरळ आणि एक ४५ अंशांत तिरका, आणि दोन्ही मिसळून मेटलचा तो भिंतीसारखा आवाज मिळतो. तू आता या भानगडीत पडू नकोस. तुझ्या सोलोला माइकचं भोक एकच आहे, आणि दोन माइकचं अंतर चुकलं की ते एकमेकांना खातात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक माइक दुसऱ्याहून १७ सेंटिमीटर मागे राहिला तर अर्धा मिलिसेकंद उशीर झाला, आणि १,००० हर्ट्झला लाट नेमकी उलटी पडली. गिटारच्या ऐन मध्यावर खड्डा. एक माइक नीट लावायला शिकणं वर्षभराचं काम आहे.

ॲम्प फरशीवर ठेवू नकोस. फरशी खालचा आवाज फुगवते आणि परत उसळून माइकमध्ये येते. खुर्ची, स्टूल, देवघरातला रिकामा चौरंग, काहीही चालेल. मागे आणि बाजूला एक-दोन गोधड्या वाळत घातल्यासारख्या टांग. ॲम्पची पाठ उघडी असेल तर ती भिंतीपासून हातभर पुढे घे. माइकची पाठ खिडकीकडे येईल असं बघ, कारण ५७ सगळ्यात कमी ऐकतो ते त्याच्या पाठीमागचं.

मग गेन. ॲम्पवर वाजवताना जेवढं डिस्टॉर्शन आवडतं, रेकॉर्डिंगला त्याच्या दोन-तृतीयांश ठेव. वाजवताना ॲम्प हवेत असतो, तुझ्या पोटरीला जाणवतो. माइकला पोटरी नाही. जास्त गेन रेकॉर्डमध्ये पिठलं होतो. भरगच्चपणा हवा तर तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाक. कॉपी-पेस्ट नाही, दोनदा वाजवून. इंटरफेस २४ बिटवर असू दे आणि सगळ्यात जोराचा झटका मीटरवर उणे १०-१२ डेसिबलच्या आसपास थांबू दे, लाल दिव्याला शिवायची गरज नाही.

तुझ्या स्ट्रॅटसारख्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारं एकेरी गुंडाळीचं चुंबक) असणार, म्हणजे ‘हूं’ येणारच. माइक कितीही महाग घेतलास तरी तो ती हूं इमानदारीने टिपेल, म्हणून माइकला दोष देण्याआधी घर तपास. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची हूं पन्नास आणि शंभरवर ऐकू येते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी ट्यूब, फोनचा चार्जर, इन्व्हर्टर, एकेक बंद करत जा. मग गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू गोल फिर, एका दिशेला हूं अर्ध्याहून कमी होते. तिकडे तोंड करून वाजवायचं, मग ती भिंत असली तरी. तारांना हात लावल्यावर हूं बंद होत असेल तर ते सहसा पिकअपच्या वायरिंगभोवतीच्या शील्डिंगचं दुखणं असतं, ते पुढे कधीतरी निस्तर. पण तारांना किंवा माइकच्या जाळीला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर मात्र ताबडतोब थांब. घरातलं अर्थिंग बघून घ्यायला इलेक्ट्रिशियनला बोलाव. जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जरी त्याने माझंच उत्तर निम्मं बाद होतं. ट्रान्झिस्टर ॲम्पचा आठ इंची स्पीकर हळू आवाजात, शेजारी सांभाळून वाजवणार असशील, तर माइक त्या आवाजाचं चित्र काढेल, पण मूळ चेहराच साधा असेल तर चित्रही साधं येईल. गिटार थेट स्कारलेटमध्ये घालून संगणकात न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं फुकट सॉफ्टवेअर लावलंस तर रात्री दोनलाही मोठ्या ॲम्पच्या जवळपास जाता येतं. त्याच्यासोबत ज्या इम्पल्स रिस्पॉन्स फाइली वापरतात, त्या म्हणजे तरी काय? कुणीतरी बारा इंची स्पीकरसमोर बहुतेक वेळा ५७च ठेवून टिपलेला ठसा. आठवडाभर ते करून बघ. त्यातच समाधान झालं तर दहा हजार वाचले, त्यात पिकअप बदल. पण तुझ्या त्या ॲम्पचा, त्या खोलीचा, त्या खरबरीत आवाजाचाच लळा लागला असेल तर माइक घे. तो लळा मला कळतो. माझ्या एका जुन्या सहा इंची ॲम्पचा आवाज अजून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळालेला नाही, आणि तो तसा काही फार चांगलाही नव्हता.

घेतलास तर पहिली दुपार अशी घालव. सोसायटीत शनिवारी दुपारी एक ते चार ही वेळ सहसा कुणी आडवं येत नाही अशी. एकच चार मापांची रिफ, एकच सेटिंग. टोपीचा मध्य, टोपीची कड, कोनाचा मध्य, अशा तीन जागा. प्रत्येक जागी कापडाला टेकून, दोन बोटं, चार बोटं. नऊ टेक झाले. स्कारलेटच्या गेनला हात लावायचा नाही, नंतर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचा आवाज एकसारखा कर, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटेल. मग यूट्यूबवरून एखादा साधा ड्रम ट्रॅक त्याखाली लाव आणि पडद्याकडे पाठ करून, कुणाला तरी बटण दाबायला सांगून ऐक. फाइलींना नाव देताना तारीख टाकू नकोस, जागा लिही: ‘टोपीकड, दोन बोटं, सरळ’. सहा महिन्यांनी तुला तेच शोधायचं असेल.